तो चाकरमानी होता तोवर बरा होता

म्हापसा,
२० जुलै २०२५

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल कधीची येऊन पडलीय, उत्तराला मुद्दामच उशीर केला. ‘मिशन: इम्पॉसिबल’ या हेरपटांच्या मालिकेचा शेवटचा भाग तुला ‘एकदम कडक’ वाटला, वर डोळ्यांत पाणी आलं म्हणालास. मला त्याच सिनेमाला जांभया आल्या. तेव्हाच लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून राग निवळू दिला. आज रविवार आहे. बाहेर धो धो कोसळतोय, विजेचा लपंडाव चाललाय. मासेमारीची बंदी उठायला अजून अवकाश आहे, तेव्हा पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेल्या सुक्या बांगड्यांवर भागवतोय. भांडायला याहून बरा दिवस मिळायचा नाही.

मे महिन्यात आपल्याकडे लागला, तेव्हाच चिरंजिवांना घेऊन पणजीला गेलो. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारचं तेच थिएटर, इफ्फी हा चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा, २००४ साली बांधलेलं. म्हापशाहून निघालं की पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम आडवं येतं. धूळ खात, ब्रेक दाबत पोचेपर्यंत माणूस अर्धा संपलेला असतो. तरी उत्साह होता. १९९६ सालच्या पहिल्या भागापासून हा आठवा. तुझ्या मामाच्या व्हीसीआरवर आपण पहिला पाहिला, तेव्हा आपल्या मिशाही धड फुटल्या नव्हत्या.

आणि मग सुरू झालं बोलणं. दिगू, १६९ मिनिटांच्या सिनेमातला पहिला तास ही माणसं नुसती बोलतात रे! ती ‘एंटिटी’ नावाची यंत्रबुद्धी एकेका देशाची अण्वस्त्रं गिळत चाललीय, हे आपल्याला कळलं. पण ते एकाने सांगून भागत नाही. वास्कोच्या सप्ताहात एका पथकाचं भजन संपायच्या आत दुसरं पथक सूर उचलतं, तसं एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो, दुसऱ्याचं तिसरा. वरून मधे मधे जुन्या सिनेमांचे तुकडे. पाणबुडी कुठे आहे, तिच्यातून काय काढायचं, ते कशाला जोडायचं, जोडलं नाही तर काय होईल, हे सगळं आधी सांगतात, मग आठवण करून देतात, मग करतात. माझ्या शेजारी चिरंजीव मोबाइल काढून बसले. एरवी मी ओरडलो असतो.

आता पहिल्या भागातली ती लँग्लीची खोली आठव. सीआयएच्या मुख्यालयातली. जरा आवाज झाला की घंटा, अंगाच्या उष्णतेने तापमान वाढलं तरी घंटा, जमिनीवर वजन पडलं तरी घंटा. वर छतातल्या झरोक्यातून आपला नायक इथन हंट, म्हणजे टॉम क्रूझ, दोरीला लटकून खाली उतरतोय. दोरी धरणारा क्रीगर, त्याच्या समोर उंदीर. दोरी निसटते, इथन जमिनीपासून बोटभर अंतरावर आडवा तरंगतो. चष्म्याच्या काचेवर घामाचा थेंब जमतो, ओघळायला लागतो, आणि तो हातमोजा पुढे करून थेंब हवेतच झेलतो. एवढा वेळ संगीत नाही, संवाद नाही. तुझ्या मामीने आतून ‘चहा घेणार काय रे?’ असं विचारलं, तर आपण सगळे ‘शूऽऽ’ करून तिच्यावरच खेकसलो होतो. दिग्दर्शक ब्रायन द पाल्माने त्या खोलीचे नियम आधी थोडक्यात सांगितले आणि मग तोंडाला कुलूप लावलं. आत्ताच्या सिनेमात नियम सांगणं काही संपत नाही, आणि खोली येते तेव्हा आपण थकलेलो असतो.

पण बडबड ही वरवरची तक्रार झाली. माझं खरं दुखणं वेगळं आहे.

इथन हंट हा आपल्याला का आवडला होता? तो नोकरीवरचा माणूस होता म्हणून. चाकरमानी! हुकूम यायचा, तोही ‘पत्करलंत तर’ अशा सभ्य भाषेत. पुढे लगेच तळटीप, की पकडला गेलास किंवा मेलास तर खातं हात झटकून मोकळं होईल. आपण दोघांनीही सरकारी खर्डेघाशीत केस पांढरे केले, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पहिल्या भागात प्रागमध्ये त्याची अख्खी तुकडी मारली जाते आणि साहेब त्याच्यावरच फितुरीचा संशय घेतो. त्याने शरण यावं म्हणून त्याच्या आईला आणि काकाला अमली पदार्थांच्या खोट्या गुन्ह्यात अडकवतात. खात्याशी इमान राखून खात्याकडूनच मार खाणारा माणूस तो. २०११च्या भागात बुर्ज खलिफाच्या काचेवर चढतो, तर एका हातमोज्याची पकड मधेच जाते. मुखवटे बनवायचं यंत्र ऐन वेळी मोडतं. आपोआप जळायचा निरोप जळतच नाही, त्या फोनच्या डब्याला थोबाडीत द्यावी लागते. सरकारी सामान ते, दुसरं काय होणार! तो भाग सगळ्यात मजेचा झाला तो म्हणूनच.

आणि आता? आता त्याचा देव केलाय. सिनेमा सुरू होतो तोच राष्ट्राध्यक्षीणबाईंच्या निरोपाने, व्हिडिओ कॅसेटवरच्या, आणि त्यात बाई त्याच्या आयुष्यभराच्या सेवेबद्दल आभार मानतात. मी तिथेच चपापलो. आभाराचं भाषण निरोप समारंभात असतं, कामाच्या हुकुमात नाही. पुढे जो भेटेल तो त्याच्याकडे भक्ताच्या नजरेने पाहतो. जगाला वाचवील तर हाच, विश्वास ठेवावा तर याच्यावरच. विमानवाहू जहाज हवं? घ्या. पाणबुडी हवी? घ्या. अडवणारं कुणी नाही असं नाही, पण अडवणाऱ्यालाही मनातून ठाऊक असतं की हा सांगतो तेच खरं. मग ताण कुठून यायचा? देव घामाघूम झाला तरी आपल्याला घाम फुटत नाही.

तू लिहिलंस, ‘बासष्टीच्या घरात माणूस स्वतः विमानाला लटकतो, आणखी काय पाहिजे?’ मान्य. दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांवर त्या दुपंखी विमानांवरून तो जे करतो, ते दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार नाही. पण लटकतो तो कोण? टॉम क्रूझ. इथन हंट नव्हे. ते विमान पोस्टरवर पाहिलं, ट्रेलरमध्ये पाहिलं. आधीच्या भागातली डोंगरकड्यावरून मोटरसायकल फेकण्याची करामत तर सिनेमा यायच्या कितीतरी महिने आधी, कशी केली याच्या व्हिडिओसकट, सगळ्या जगाने मोबाइलवर पाहून घेतली होती. थिएटरात आपण फक्त पावती फाडायला जायचं. लँग्लीच्या खोलीत पाहताना क्रूझ आठवत नव्हता, पोरगा पडेल की काय हेच मनात होतं.

सशाच्या पायाचं तर मला फारच लागलं. २००६च्या तिसऱ्या भागात ‘रॅबिट्स फूट’ नावाची एक भयंकर वस्तू होती. सगळे तिच्या मागे जीव टाकून धावतात, आणि ती नक्की काय हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. मिश्कीलपणा होता त्यात. हिचकॉकने हे फार पूर्वी ओळखलं होतं, की हेर कशाच्या मागे लागलेत याला काडीचं महत्त्व नसतं, ते लागलेत याला असतं. आणि आता एकोणीस वर्षांनी सांगतात, तो सशाचा पाय म्हणजे याच एंटिटीचं बीज होतं हो! म्हणजे इथननेच नकळत तो राक्षस जगात आणला. का? कुणी विचारलं होतं? तेच त्या ब्रिग्जचं. मागच्या भागापासून इथनच्या मागावर असलेला चांगला चिडका अधिकारी, आणि तो निघतो कोण, तर पहिल्या भागातल्या फितूर जिम फेल्प्सचा मुलगा. त्याने कथेत काय फरक पडला? शून्य. लग्नघरात नाही का एखादी आत्याबाई कोपऱ्यात बसून याचा तो आणि त्याची ती असं जोडत सुटते, तसल्या बाईच्या हाती पटकथा गेली होती बहुतेक.

त्या जिम फेल्प्सवरून आठवलं. १९६६ ते १९७३ या काळात ही टीव्हीवरची मालिका होती, तिथे दुसऱ्या हंगामापासून फेल्प्स हाच नायक, तुकडीचा म्होरक्या. १९९६मध्ये त्यालाच फितूर दाखवणार म्हटल्यावर मूळ नट पीटर ग्रेव्हजने भूमिका नाकारली, ती जॉन व्हॉइटने केली. तेव्हा जुने चाहते खवळले असणार, जसा आज मी खवळलोय. फरक एवढाच की द पाल्माने जुन्याचं वाटोळं करून काहीतरी नवं उभं केलं. इथे जुन्याचीच आरती चालू आहे.

बरं, आता जे आवडलं तेही लिहितो, नाहीतर म्हणशील म्हातारा नुसता कुरकुरतो.

डनलो! विल्यम डनलो आठवतो ना? लँग्लीच्या त्या खोलीत काम करणारा, कॉफीत काहीतरी मिसळल्यामुळे सारखा ओकायला पळणारा तो बिचारा कारकून. परत येतो तो टेबलात सुरी रुतलेली, हेरांच्या नावांची यादी गेलेली. साहेब किट्रिज तिथल्या तिथे फर्मावतो की याला आजच्या आज अलास्कात रडारवर बसवा, कपडे मागून टपालाने पाठवा. आपण तेव्हा हसलो होतो. मग नोकरीत शिरल्यावर हसू मावळलं. आमच्या खात्यात साहेबाची मर्जी गेली की काणकोणला पाठवत, आणि म्हापशाच्या माणसाला ती अलास्काच. तर हा डनलो शेवटच्या भागात परत येतो, तोच नट, रॉल्फ सॅक्सन. बेरिंग समुद्रातल्या एका बर्फाळ बेटावर, स्थानिक बायको करून, सुखाने राहिलेला. ती सुरी त्याने जपून ठेवलीय. इथन त्याची माफी मागायला जातो, तर हा म्हणतो की माझं भलंच झालं, तिथे गेलो नसतो तर ही भेटली नसती. सगळ्या सिनेमात मला खराखुरा माणूस दिसला तो हाच. भाषण नाही, तत्त्वज्ञान नाही. बदलीच्या शिक्षेतही संसार थाटलेला सरकारी माणूस. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं ते इथेच आलं असेल तर मी सगळे शब्द मागे घेतो.

आणि पाणबुडी. समुद्राच्या तळाशी कड्याच्या काठावर टेकलेली ती सेव्हास्टोपोल. इथन आत शिरून एकेक दार उघडतो तसं पाणी आतल्या आत सरकतं, तोल जातो, आणि ती अख्खीच्या अख्खी लोळायला लागते. पाणतीर रॅकवरून सुटून गडगडत येतात. जमीन भिंत होते, भिंत छप्पर होते. त्या वेळात जवळजवळ कुणी बोलत नाही, कारण त्याच्यासोबत कुणी नसतंच! दिग्दर्शक मॅकक्वारीला येत नाही असं नाही बघ. तिथे चिरंजिवांचा मोबाइल आपसूक खिशात गेला. हीच शिस्त पहिल्या तासाला का नाही, हा माझा सवाल.

इथनचा जुना साथीदार ल्यूथर, त्याचं मात्र वाईट केलं. क्रूझ सोडला तर आठही भागांत असलेला हा एकच गडी, व्हिंग ऱ्हेम्स. लंडनच्या पोटात बॉम्बपाशी बसून स्वतः जातो आणि शहर वाचवतो. प्रसंग चांगला लिहिलाय, पण मग सिनेमाला पुढे जायची घाई. मागच्या खेपेला व्हेनिसमध्ये इथनची साथीदार इल्सा हिला असंच उरकलं होतं. आणि खलनायक गॅब्रिएल! हवेत विमानातून उडी मारताना खदाखदा हसतो काय, शेपटीला डोकं आपटून मरतो काय. आमच्या थिएटरात लोक मोठ्याने हसले. खलनायक मेल्यावर लोक टाळ्या वाजवतात. हसले की समजावं तो कधी जिवंतच नव्हता.

त्याच आठवड्यात, तोंडाची चव पालटावी म्हणून, ‘द सी वुल्व्ज’ पुन्हा पाहिला. १९८०चा, आपल्या गोव्यातच चित्रण झालेला. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, आणि त्या काळी बाँड असलेला रॉजर मूर. सिनेमा म्हणून ढिलाच आहे, पण त्यामागची खरी गोष्ट अशी की कुणाही पटकथाकाराने लाजावं. मार्च १९४३, मुरगाव बंदर. गोव्यात पोर्तुगीज, ते युद्धात तटस्थ. बंदरात आसऱ्याला आलेली जर्मन जहाजं नांगरून पडलेली, त्यातल्या ‘एहरेनफेल्स’वर लपवलेल्या ट्रान्समीटरवरून इंग्रजांच्या बोटींचा ठावठिकाणा जर्मन पाणबुड्यांना जातोय असा संशय. तटस्थ बंदरात फौज पाठवता येत नाही. मग इंग्रजांच्या गुप्त खात्याने कुणाला गाठलं? कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीच्या मध्यमवयीन सभासदांना. कचेरीत बसणारी, धंदा करणारी, क्लबात पेग घेणारी माणसं. ‘फीबी’ नावाची गाळ वाहायची बोट कलकत्त्याहून वळसा घालून आली, बाकीचे आगगाडीने कोचीनला जाऊन तिच्यावर चढले. इथे कार्निव्हालची धामधूम, खलाशांना त्या रात्री किनाऱ्यावर गुंतवून ठेवायची सोय केलेली. ९ मार्चच्या रात्री जहाजावर चढले. जर्मनांनी आपली जहाजं आपणच बुडवली. हल्ला करणाऱ्यांपैकी एकही दगावला नाही. त्याआधी एका जर्मन हेराला बायकोसकट पणजीतून उचललं होतं, ते वेगळंच. आणि एवढं करून पदक नाही, शाबासकी नाही. पुस्तक निघालं १९७८ला, तोवर कुणाला कळलंही नाही. काम झालं, लोक परत आपापल्या कचेरीत गेले.

बघ दिगू, खातं हात झटकतं म्हणतात ते असं. वास्कोला तू चार वर्षं नोकरी केलीस, रोज त्या बंदराकडे पाहात चहा प्यायलास, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आणलं कुणी, तर लंडनच्या भुयारातल्या बॉम्बने!

आणखी एक. ‘मिशन: इम्पॉसिबल’ची धून रचणारा लालो शिफ्रिन गेल्या महिन्यात, २६ जूनला गेला, ९३ वर्षांचा होऊन. ब्युनोस आयर्सचा माणूस. बातमी वाचली आणि तुझी आठवण आली, कारण त्या धूनीचं गणित तूच पहिल्यांदा मला उलगडून दाखवलं होतंस. मांडीवर बोटं आपटत म्हणाला होतास की दहा मात्रा आहेत, पण झपतालाने धरायला गेलं तर पाय अडखळतो. झपताल दोन-तीन-दोन-तीन, हे तीन-तीन-दोन-दोन. तेव्हापासून मी ती धून तशीच ऐकतो. सिनेमा कितीही रेंगाळला तरी वात पेटते आणि ते ठेके सुरू होतात तेव्हा पाय हलतोच. यावेळीही हलला. नाकारत नाही.

शेवटचा प्रसंगही बरा आहे, ते ट्रफाल्गर चौकात गर्दीत इथनने आणि त्याच्या साथीदारांनी एकमेकांना नुसतं पाहणं, मान हलवणं आणि आपापल्या वाटेने जाणं. चार वर्षांपूर्वी बाँडला क्षेपणास्त्रांखाली संपवलं होतं; इथे नायकाला जिवंत ठेवलं याचं मला बरंच वाटलं. पण त्या चौकात तो परत माणूस झाला आणि लगेच सिनेमा संपला. हे आधीच्या दोन तासांत का सुचलं नाही?

असो. चतुर्थीला येणार आहेस ना? २७ ऑगस्टला आहे, रेल्वेचं आरक्षण आत्ताच बघ, मागाहून वणवण करू नकोस. आमच्याकडे गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला माणूस कमी आहे, चिरंजिवांना आंब्याचे टाळे आणि जंगलातली फळं यातला फरक कळत नाही. तबल्याची जोडी घेऊनच ये. माईंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. वहिनींना सांग, मागच्या खेपेचा कोकम आगळ संपला, यंदाचा पाठवतो.

तुझा,
मधू

ता. क. बाँडचा पुढचा सिनेमा देनी विलनव्ह करणार अशी बातमी गेल्या महिन्यात आली, वाचलीस ना? त्याला गप्प बसायचं कसं ते येतं. तरी पैज लावतो. पहिल्या तासात कुणी बाँडला ‘जगाची शेवटची आशा’ किंवा तत्सम काही म्हणालं, तर बांगड्यांची थाळी तू द्यायचीस. ताज्या. सुक्या चालणार नाहीत.